एका कागदासाठी नऊ वर्षं

मी सूतगिरणीत ब्लोरूमला असतो. गाठी फोडायच्या, रुई यंत्रावर टाकायची, आणि यंत्र त्या रुईला झोडपून, झटकून तिच्यातला कचरा काढत असतं तिकडं लक्ष ठेवायचं. कचरा म्हणजे काय, तर वाळलेला पाला, बोंडाची टरफलं, काडी, माती. थोडा यंत्राच्या पोटात जातो, थोडा आमच्या. पाळी सुटल्यावर थुंकलं की पांढरं पडतं.

पाल्याबद्दल मला कधी काही वाटलं नव्हतं. रुई म्हणलं की पाला आलाच. पण १८५३ साली छापलेल्या एका पुस्तकात वाचलं, की अमेरिकेतल्या लुइझियाना प्रांतात एडविन एप्स नावाच्या मळेवाल्याकडं गुलामानं वेचलेल्या कापसात वाळलं पान किंवा बोंडाचा तुकडा सापडला, तर त्याला पंचवीस फटके. हा आकडा त्या मळ्यात अगदीच किरकोळ समजला जाई. त्या रात्री माझी तिसरी पाळी होती. समोर गाठ फोडलेली, तिच्यात ढीगभर पाला. मी मनातल्या मनात हिशेब करत बसलो. पंचवीस, पन्नास, पाऊणशे. मग सोडून दिला.

पुस्तक सॉलोमन नॉर्थपचं. 'बारा वर्षं गुलाम' असं त्याचं नाव मराठीत होईल. जुन्या पुस्तकांच्या गाडीवर मिळालं. माझं इंग्रजी डिक्शनरीचं आहे, एका पानाला एक रात्र. सिनेमा २०१३ साली आला, त्याला पुढच्या वर्षी ऑस्कर मिळालं, तो आपल्यातल्या बऱ्याच जणांनी मोबाइलवर पाहिला असेल. पण सिनेमात माणूस दोन तासांत सुटतो. पुस्तकात सुटता सुटत नाही.

आता मुद्द्यावर येतो. मागल्या महिन्यात आपल्या अभ्यासवर्गात मी या पुस्तकावर बोललो तेव्हा एक मित्र तावातावानं उठला. म्हणला, "हे पुस्तक गोऱ्या वकिलानं लिहिलंय. नॉर्थपनं नुसतं सांगितलं. मग ते आपलं कसं? आपल्यावर दुसऱ्यांनी लिहिलेलं आपण कधीचं नाकारलंय." प्रश्न खरा आहे. त्या दिवशी मला उत्तर देता आलं नाही, तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटलो. म्हणून हे लिहितोय.

आधी माणूस कोण ते सांगतो. सॉलोमन गुलाम जन्मलाच नाही. न्यूयॉर्क राज्यात मिनर्वा नावाच्या गावी तो स्वतंत्र म्हणून जन्मला. बाप मिंटस, तो गुलाम होता, पण मालकानं मृत्युपत्रात त्याला मुक्त केलं. त्यानं आडनाव घेतलं ते मालकाचंच, नॉर्थप. आडनावाची गंमत आपल्याला कळते. पोरगा शिकला, कालव्यावर राबला, लाकडाचे तराफे वाहिले, शेती केली, लग्न केलं, तीन पोरं झाली. आणि तो फिडल वाजवी. साराटोगा स्प्रिंग्ज या हवापालटाच्या गावी हॉटेलातनं काम कर, लग्नासमारंभात वाजव, असं त्याचं चाललं होतं.

१८४१ च्या मार्चमधे दोन गोरे भेटले. म्हणले, आमची सर्कस आहे, वाजवायला चल. रोजचा एक डॉलर, खेळाच्या रात्री तीन. बायको स्वैपाकाच्या कामावर परगावी गेलेली. लगेच परत येतो म्हणून यानं चिठ्ठीसुद्धा लिहिली नाही. ही चिठ्ठी न लिहिणं लक्षात ठेवा.

वाटेत न्यूयॉर्क शहरात त्या दोघांनीच त्याला स्वतंत्र असल्याचा दाखला काढायला लावला. बघा डोकं. ज्यांना माणूस विकायचाय तेच म्हणतात कागद काढून घे. विश्वास बसतो ना. आपणही जातीचा दाखला, आधार, रेशनकार्ड प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून छातीशी धरतो. वॉशिंग्टनला पोचले तर तिथं अध्यक्ष हॅरिसन यांची अंत्ययात्रा चाललेली. गर्दी, तोफा, काळे कपडे. त्या दोघांनी त्याला दारू पाजली, त्यात काहीतरी कालवलेलं. शुद्धीवर आला तेव्हा अंधारी कोठडी, हातात बेड्या, पायाला जमिनीत ठोकलेली साखळी. खिसा चाचपला. पैसे नाहीत, कागद नाही.

ती कोठडी गुलामांचा व्यापारी जेम्स बर्च याच्या कब्जातली. त्या वाड्यातून अमेरिकेच्या संसदेची इमारत दिसत असे. सॉलोमन म्हणला, मी स्वतंत्र माणूस आहे. बर्चनं त्याला फळीनं मारलं. फळी तुटल्यावर दोरखंडानं मारलं. मारता मारता थांबून विचारायचा, अजून स्वतंत्र आहेस? तो म्हणायचा, आहे. परत मार. शेवटी त्यानं उत्तर देणं बंद केलं.

दोस्तांनो, मला या पुस्तकातली सगळ्यात भयानक जागा हीच वाटते. फटके नव्हेत, गप्प बसणं. त्या दिवशी तो शिकला की खरं बोललं तर मरण आहे. जहाजावर गोऱ्या खलाशानं चोरून कागद-शाई दिली, तेव्हा एक पत्र त्यानं घरी धाडलं, आणि ते पोचलंही. पण आपल्याला नेतायत कुठं हेच त्याला ठाऊक नव्हतं, मग शोधणारे शोधणार कुठं? पुढं न्यू ऑर्लीन्सच्या बाजारात त्याचं नाव प्लॅट झालं. विल्यम फोर्डनं हजार डॉलरला घेतला. फोर्ड धर्मोपदेशक, स्वभावानं भला. त्या भल्या माणसालासुद्धा यानं कधी सांगितलं नाही की मी सॉलोमन आहे.

फोर्डच्या डोक्यावर कर्ज झालं आणि त्यानं त्याला टिबीट्स नावाच्या सुताराला विकलं. किंमत जास्त, सुताराचं देणं कमी, म्हणून मधल्या चारशे डॉलरसाठी फोर्डनं सॉलोमनवर गहाणखत ठेवलं. बैलावर ठेवतात तसं. पुढं टिबीट्सनं चाबूक उचलला तेव्हा सॉलोमननं तो हिसकावून घेतला आणि त्यालाच बडवला. मग तो दोन माणसं घेऊन फास लावायला आला. फास गळ्यात पडलेला. तेवढ्यात फोर्डचा मुकादम चॅपिन दोन पिस्तुलं घेऊन पुढं झाला. काय म्हणला तो? हा निरपराध आहे, असं म्हणलाच, पण वजन कशाला होतं? फोर्डचे चारशे डॉलर यावर आहेत, ते फिटेपर्यंत याचा जीव घ्यायचा तुला हक्क नाही. माणूस म्हणून नाही वाचला, गहाण होता म्हणून वाचला. वाचवल्यावरही चॅपिननं त्याचे दोर सोडले नाहीत. दिवसभर उन्हात बांधलेला उभा.

बाबासाहेबांनी गुलामगिरी आणि अस्पृश्यता यांची तुलना केलीय. गुलाम ही मालकाची मालमत्ता, म्हणून मालक त्याला खायला घालतो, आजारी पडला तर बघतो. अस्पृश्याचं जगणं-मरणं कुणाच्याच वहीत नाही. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला ते कोर्टातल्या युक्तिवादासारखं वाटलं होतं, मनात शंका होती. त्या चारशे डॉलरच्या पानावर आल्यावर कळलं बाबासाहेब काय म्हणत होते. पण त्याच पुस्तकात दुसरंही पान आहे, त्यावर पुढं येतो. एकाला मोठं दुःख आणि दुसऱ्याला छोटं असं वाटून देण्यात मला रस नाही.

एप्सकडं तो १८४३ साली गेला आणि दहा वर्षं राहिला. तिथं कापूस. पहाटेपासून अंधार पडेपर्यंत वेचणी, चांदणं असलं तर त्याच्या उजेडातही. रात्री टोपली घेऊन वजनाला. त्याला आधी भीती वजनकाट्याची, मग भूक, मग झोप. प्रत्येकाला साधारण दोनशे पौंड ठरलेले, म्हणजे नव्वद किलो. सॉलोमनची पहिल्या दिवसाची वेचणी भरली पंच्याण्णव पौंड. फिडल वाजवणारी बोटं कापसाला चालेनात. निजायला बारा इंच रुंदीची फळी, उशाला लाकडाचा ओंडका.

माझी आई दुसऱ्याच्या रानात कापूस वेचायला जायची. दिवसाला चाळीस किलो झाला की खूष असायची. बोंडाच्या काट्यांनी नखाच्या कडा फाटलेल्या. त्या मळ्यावर पॅट्सी नावाची पोरगी होती, तिची वेचणी पुस्तकात दिवसाला पाचशे पौंड सांगितलीय. दोन्ही हातांनी, विजेसारखी. त्या काळी लँकेशायरच्या गिरण्यांना लागणारी बहुतेक रुई तिकडनंच जायची. १८६१ साली तिकडं यादवी पेटली, रुई अडली, तेव्हा आपल्या वऱ्हाड-खानदेशच्या कापसाला सोन्याचा भाव आला आणि मुंबईचे शेठ गबर झाले. हा सगळा एकच धागा आहे. पुढं मुंबईच्या गिरण्यांत विणाईखात्यात आपल्या माणसाला घेत नसत, कारण कांडी बदलताना धोट्यातून धागा तोंडानं ओढावा लागे आणि उष्टा धागा बाटायचा. १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हे उघड मांडलं तेव्हा लाल बावट्यावाले अवघडले होते. रुई आपण फोडलेली चालते, सूत आपण काढलेलं चालतं, थुंकी चालत नाही.

पॅट्सीवर एप्सची वासनेची नजर, त्याच्या बायकोचा मत्सर. दोन्हीकडनं मार पॅट्सीलाच. मालकीण तिला साबण देईना. एका रविवारी ती शेजारच्या मळ्यावरनं साबणाची वडी मागून घेऊन आली. एवढा कापूस वेचणाऱ्या बाईला अंग धुवायला साबण नाही! एप्सला संशय आला. तिला चार खुंट्यांना उघडी बांधली आणि चाबूक दिला सॉलोमनच्या हातात. त्यानं तीसेक फटके मारले. थांबला. परत मारायला लावले. मग चाबूक फेकून म्हणाला, आता काय वाटेल ते करा, मी मारणार नाही. पुढचे एप्सनं मारले.

हे त्यानं लपवलं नाही. आठ वर्षं तो एप्सच्या मळ्यावर चाबूक हातात असलेला मुकादम होता, तेही लपवलं नाही. चाबूक अंगाला न लागता कानाजवळनं कसा उडवायचा आणि खालच्यानं कसं विव्हळायचं, याची सगळ्यांनी मिळून तालीम केली होती, असं तो सांगतो. आपल्या आत्मकथनांची परंपरा मोठी आहे. 'बलुतं' आलं १९७८ साली, त्यानंतर रांग लागली. पण आपल्या हातात चाबूक दिला गेला तेव्हा आपण काय केलं, हे लिहिणारे कमी. मी बदली कामगार असताना जॉबरच्या सांगण्यावरनं माझ्याच गाववाल्याची चुगली केलीय. आज लिहून टाकलं.

आता कागदाचं. गुलामाकडं कागद, शाई, टाक सापडणं म्हणजे गुन्हा. परवान्याशिवाय मळ्याबाहेर जाता येत नाही, मालकाच्या चिठ्ठीशिवाय पोस्टमास्तर पत्र घेत नाही. गुलामीची नऊ वर्षं गेली तेव्हा त्याला कागदाचा एक ताव हाती लागला. मालकिणीनं दुकानातनं सामान आणायला पाठवलं, त्यात कागदाचे ताव होते. एक त्यानं लांबवला, निजायच्या फळीखाली लपवला. झाडाची साल उकळून उकळून शाई केली. बदकाच्या पंखाचं पीस उपटून टाक केला. सगळे झोपल्यावर निखाऱ्यांच्या उजेडात फळीवर पालथं पडून पत्र लिहिलं. आपण या अंकासाठी रिमाचे पैसे जमवताना किती कुरकुरतो!

पत्र टाकायला आर्म्सबी नावाचा एक गोरा मजूर गाठला. त्यानं एप्सला जाऊन सांगितलं. एप्स चाबूक घेऊन आला. सॉलोमन म्हणला, मालक, माझ्याकडं कागद-शाई कुठनं येणार? त्याला तुमच्याकडं मुकादमाची नोकरी पाहिजे, म्हणून रचून सांगतोय. एप्सला पटलं. त्या रात्री नऊ वर्षांचं पत्र त्यानं स्वतःच्या हातानं आगीत टाकलं.

पुढं १८५२ साली बास नावाचा कॅनडाचा सुतार एप्सचं घर बांधायला आला. तोंडाळ माणूस, गुलामगिरी चूक आहे असं एप्सच्या तोंडावर म्हणणारा. त्याला सॉलोमननं सगळं सांगितलं. १५ ऑगस्ट १८५२ ही त्या पत्राची तारीख. पत्र साराटोगाला पोचलं. न्यूयॉर्क राज्यानं १८४० सालीच कायदा केला होता, की पळवून विकलेल्या आपल्या नागरिकाला राज्यपालानं माणूस धाडून सोडवावं. राज्यपालानं धाडला तो हेन्री नॉर्थप, बापाच्या मालकाच्या घराण्यातलाच वकील. प्लॅट नावानं राहणारा गुलाम शोधायचा कसा हीच अडचण, पण बास सापडला आणि ठिकाण लागलं. जानेवारी १८५३ मधे शेरीफला घेऊन वकील मळ्यात आला.

निघताना पॅट्सी त्याच्या गळ्यात पडून रडली. गाडी हलली तेव्हा ती जमिनीवर कोसळत होती. इथं पुस्तकातनं पॅट्सी संपते. तिच्यासाठी कुठल्या राज्यपालाचं पत्र नव्हतं. ती स्वतंत्र जन्मली नव्हती, मग तिला सोडवायचं कुठल्या कायद्यानं? हेच ते दुसरं पान. हजार डॉलरचा गुलाम गहाण म्हणून वाचतो, पाचशे पौंड वेचणारी बाई कशानंच वाचत नाही.

आणि आता माझ्या मित्राचं उत्तर. घरी जाता जाता वॉशिंग्टनमधे सॉलोमननं बर्चवर खटला भरला. तो साक्षीला उभा राहिला. कोर्ट म्हणलं, हा काळा आहे, गोऱ्याविरुद्ध याची साक्ष चालत नाही. बर्च सुटला. पळवून नेणारे ते दोघे १८५४ साली सापडले, पुस्तक वाचणाऱ्या एकानं त्यांना ओळखलं म्हणून. तीन वर्षं तारखा पडल्या, १८५७ साली खटला मोडीत निघाला. शिक्षा कुणालाच नाही. म्हणजे हे पुस्तक काय आहे? कोर्टानं न घेतलेली साक्ष आहे. लिहून घेणारा डेव्हिड विल्सन गोरा होता, काही ठिकाणी भाषा वकिली वळणाची, फुलवलेली वाटते, कबूल. पण कापूस कसा पेरतात, टोपली कशी तुडवून भरतात, मासे धरायचा सापळा कसा करतात, ही पानं वकिलाची नव्हेत. ज्याच्या पाठीवर गेलंय त्याचीच ती आहेत. सापळ्याच्या पानावर तर मी तीनदा थांबलो, इतकं बारीक. इतक्या नावागावांसकट, किमतींसकट सांगायचं कारण हेच की कुणीतरी जाऊन तपासावं. तपासलंही. सू ईकिन आणि जोसेफ लॉग्सडन या अभ्यासकांनी १९६८ साली कागदपत्रं शोधून पुस्तक परत काढलं, आणि माणसं, मळे, व्यवहार जागच्या जागी सापडले.

सॉलोमन मात्र सापडत नाही. १८५७ नंतर त्याचा माग नाही. मरण कुठं, कधी, कबर कुठली, काही नाही.

जोतीरावांनी १८७३ साली 'गुलामगिरी' अर्पण केली ती अमेरिकेतल्या गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या लोकांना. बाबासाहेबांनी १९४६ साली डू बॉयसना पत्र लिहिलं. आपल्या आधीच्या पोरांनी १९७२ साली पँथर हे नाव तिकडनंच उचललं. नातं जुनं आहे. म्हणून आणखी एका माणसाचं सांगून थांबतो, त्यानं तर स्वतः एक अक्षर लिहिलं नाही.

त्याचं नाव कोसोला. आफ्रिकेतच डाहोमीच्या राजाच्या सैन्यानं त्याचा गाव कापला आणि त्याला धरून विकलं. होय, विकणारे काळेच. १८६० सालची गोष्ट, तेव्हा बाहेरनं गुलाम आणायला कायद्यानं बंदी होऊन बावन्न वर्षं झालेली. क्लोटिल्डा जहाजातनं शंभरावर माणसं अलाबामात उतरवली. पाच-साडेपाच वर्षांनी गुलामगिरी संपली. त्यानं मालकाकडं जमीन मागितली, तो नाही म्हणला. मग सगळ्यांनी पै पै साठवून जमीन विकत घेतली आणि स्वतःचं गाव वसवलं. दादासाहेब गायकवाडांच्या भूमिहीन सत्याग्रहाच्या गोष्टी ऐकत वाढलेल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको. १९२७ पासून झोरा नील हर्स्टन ही काळी लेखिका त्याच्याकडं जाऊ लागली. पीच घेऊन जायची, कधी मांस. कधी तो बोलायचा, कधी जा म्हणायचा, आज बाग बघायचीय. तीही मग तशीच बसायची. त्याची भाषा तिनं होती तशी, मोडकी, बोलीतली लिहिली. प्रकाशक म्हणले, शुद्ध करा. ती नाही म्हणली. पुस्तक पडून राहिलं. छापलं कधी, तर २०१८ ला. दोघंही कधीच मेलेली.

माझा एक चुलता आहे. तात्या. मुकादमाकडनं उचल घेतली म्हणून त्याला कर्नाटकातल्या एका वीटभट्टीवर नेलं. तीन महिन्यांचं ठरलं होतं, चौदा महिने ठेवलं. मोबाइल काढून घेतला, आधारकार्ड काढून घेतलं. रात्री राखण. एका पावसाच्या रात्री निसटून रेल्वेलाइन धरून चालत राहिला. परत आल्यावर चौकीत गेलो तर विचारलं, "पैसे घेतले होते ना?" वेठबिगार बंदीचा कायदा १९७६ चा आहे, हे मी सांगितलं. हवालदार हसला.

तात्या बोलत नाही. आम्ही कधी विचारलं तर म्हणतो, "काय सांगायचंय. विटा व्हत्या." मीही सोडून दिलं होतं. ते कोसोलाचं वाचल्यावर सुट्टीच्या दिवशी विड्यांचा बंडल आणि भजी घेऊन गेलो. वही खिशातच ठेवली. पहिल्या दिवशी काही नाही. दुसऱ्या खेपेला त्यानं शेळीची गोष्ट सांगितली. तिसऱ्या खेपेला भजी खाता खाता म्हणला, "तिथं मला लिवाय आलं."

तात्याला अक्षरओळख नाही. मी म्हणलो, "काय लिहायला आलं?"

साच्यातनं वीट काढली की तिच्यावर मालकाच्या नावाची दोन अक्षरं उमटतात. चौदा महिने, दिवसाला हजारावर विटा. त्यानं विडी बाजूला ठेवली, शेळीच्या खुंट्याजवळची काडी उचलली आणि जमिनीवर ती दोन अक्षरं काढली. सावकाश, पण एकदासुद्धा न अडखळता. कानडी होती. मी वहीत उतरवून घेतली. आमच्या रिंगखात्यात कानडी वाचणारा एक जण आहे, त्याची पहिली पाळी चालू आहे. पाळी बदलली की त्याला दाखवीन.